दुसऱ्याच्या नावाचा पास

नाव – तक्रार अर्जावर आहे तेच. गल्लीत मला 'चिमटेसाहेब' म्हणतात. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा नोकरीभर खिशात असे, त्यावरून. वय – अडुसष्ट. व्यवसाय – निवृत्त बस-तिकीट तपासनीस. राहणार – पोलीस ठाण्यामागच्या रस्त्यावर, तिसरा मजला, जिन्यालगतची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर असून, दुपारी दिलेल्या तक्रारीबाबत हवालदारांनी विचारल्यावरून खरे ते सांगतो की, मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. मुलगी लग्न होऊन परगावी असते. पत्नी स्वेटरच्या विणीचे नमुने तयार करून लोकरीच्या दुकानांना विकत असे. ते काम ती घरच्या संगणकावर करी. मला त्यातले काही कळत नाही. मी तो रोज सकाळी चालू करतो, चहा पिऊन होईपर्यंत समोर बसतो आणि बंद करतो. कशासाठी, असे हवालदारांनी विचारले. पडद्यावर एक फोटो होता, त्यासाठी.

सदर फोटो माझा आहे. त्यात मी गणवेशात, आगारातल्या बाकावर, तोंड उघडे टाकून झोपलो आहे. पत्नी डबा घेऊन आली असता तिने तो काढला आणि संगणकावर लावून टाकला. ड्यूटीवर झोपलेला तपासनीस म्हणजे अब्रूचे खोबरे, तो फोटो पडद्यावरून हटव, असे मी तिला वारंवार बजावले होते. ती म्हणायची, "अहो, जागेपणी तुम्ही ज्याच्या त्याच्याकडे चोर म्हणून बघता. माणसासारखे दिसता ते एवढेच." तिने फोटो हटवला नाही.

गेल्या आठवड्यात संगणक चालू होईना. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने घरी येऊन पाहिला व मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य पाटी, जळाली आहे असे सांगितले. माझ्या संमतीने तो संगणकाची पेटी दुकानात घेऊन गेला. आज दुपारी त्याने ती आणून जोडली. एक पिशवी टेबलावर ठेवली. संगणक चालू झाला, परंतु पडदा काळा होता. फोटो नव्हता. खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरे होती, की सिस्टीम सक्रिय करा. त्याने आणखी काही दाबल्यावर, हा परवाना या यंत्राचा नाही, अशा अर्थाची सूचना आली. मी ती चष्मा लावून पुन्हा वाचली.

परवाना एकाचा आणि यंत्र दुसरे, याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. दुसऱ्याच्या नावाच्या पासवर फिरणारा प्रवासी मी त्याच्या बसण्यावरून ओळखत असे. पेटी आमची ठेवून आतला ऐवज बदलला, असा माझा समज झाला. मी तसे तोंडावर विचारले. तो म्हणाला, "काका, परवाना मदरबोर्डला बांधलेला असतो. बोर्ड बदलला की सिस्टीमला वाटतं, आपण भलत्याच यंत्रात आलोय. काकूंचं खातं आहे ना, त्यातून सिस्टीमला कळवता येईल. त्यांच्या फोनवर नंबर येईल, तेवढा वाचून दाखवा."

पत्नीचा फोन मी कपाटात चार्ज करून ठेवतो. तो बंद करून टाका, असे मुलगी दर वेळी सांगते व मी हो म्हणतो. वर्षभरात तो वाजला नव्हता. आज वाजला. मी खुर्चीतून उठलो. त्या क्षणी मला काय वाटले, ते या जबाबात घेण्याचे कारण नाही. फोनवर एक आकडा होता व त्याखाली, हा कुणालाही सांगू नका, असे लिहिले होते. हा माणूस नेमका तोच आकडा मागत होता. माझे माथे भडकले. मी त्याला आत ठेवून बाहेर आलो, दाराला कडी घातली आणि घरातल्या चपलांवर ठाण्यात आलो.

हवालदार माझ्याबरोबर घरी आले. जिन्यात शेजारी जमले होते. कडी काढली तेव्हा दुरुस्तीवाला खुर्चीवर बसून होता. तो ओरडला नाही. तो म्हणाला, "काका, ही सगळी माझी गिऱ्हाइकं आहेत. उद्या कुठल्या तोंडाने दुकान उघडू?" मग त्याने टेबलावरची पिशवी माझ्यापुढे सारली. बदललेला भाग गिऱ्हाइकाला परत करायचा, हा त्याचा रिवाज आहे. मी पिशवी उघडलीच नव्हती. आत जुना बोर्ड होता व त्यावर बसवलेला लहान पंखा. पंख्याच्या पात्यांत लोकर अडकली होती. पिवळी, जांभळी आणि मुलीच्या पहिल्या स्वेटरची हिरवी. इतर घरांत धूळ करडी असते. आमच्या संगणकात ती रंगीत होती. हा बोर्ड आमचाच आहे, हे मी हवालदारांना सांगितले.

हवालदार म्हणाले, "आजोबा, ठाण्यातल्या संगणकावरही तीच अक्षरं आहेत. भाग बदलल्यापासून आहेत. आम्ही कुणाला अटक केली नाही."

तरीही आकडा वाचायला माझी जीभ रेटेना. खाते पत्नीच्या नावाचे. याच कारणावरून मी लोकांना भर रस्त्यात खाली उतरवले आहे, एकदा सख्ख्या साडूला. मी तसे दुरुस्तीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "त्यांच्या नावावर काही घ्यायचं नाहीये, काका. यंत्र एवढंच विचारतंय, की मी तेच का. तुम्हाला माहीत असेल तर सांगा." हे मला पटले. प्रवास करणे वेगळे आणि साक्ष देणे वेगळे.

पहिल्या आकड्याची मुदत संपली होती. त्याने दुसरा मागवला. फोन पुन्हा वाजला. मी आकडा मोठ्याने वाचला. मध्ये एकदा थांबावे लागले. हवालदार तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग पडद्यावर विचारणा आली, की यंत्र हेच असून भाग नुकताच बदलला आहे का. 'होय'वर मी स्वतः दाबले.

कोपऱ्यातली अक्षरे गेली. थोड्या वेळाने, तिच्या खात्यात जपलेला होता म्हणे, फोटो परत आला. हवालदारांनी विचारले, "साहेब, ड्यूटीवर?" मी म्हणालो, "होय."

त्यानंतर मी जिन्यात जाऊन, हा माणूस सच्चा आहे व कडी मी माझ्या आंधळ्या रागाने घातली, असे शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. दुरुस्तीवाल्याची हात जोडून माफी मागितली. त्याने चहा घेतला, पण तो फारसा बोलला नाही. माझी त्याच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही, अर्ज निकाली काढावा. लोकर अडकलेल्या बोर्डाची पिशवी मी कपाटात, फोनशेजारी ठेवली आहे.

जबाब ठाण्याच्या संगणकावर टंकून मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. वाचताना हवालदारांनी विचारले, की फोटोचा भाग गाळू का, उगीच तुमची शोभा व्हायची. तो गाळू नये, असे मी सांगितले.

(सही)