चौऱ्याऐंशी फुलांचा हार

—नाही हो, उठता कशाला, बसा. येईलच सुधींद्र. व्हाइटफील्डहून निघालो म्हणून आत्ताच फोन आला त्याचा, म्हणजे धरा एक तास, सिल्क बोर्डाच्या सिग्नलला अडकला तर दीड. तुम्ही गोल्फ क्लबातून आलात, कमिटीतले, नाव पुरुषोत्तम—बघा, एकदा कानावर पडलं की माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही मी, लिहून ठेवायची सोयच नव्हती, मग जे काय ते डोक्यातच ठेवत गेले. आणि मराठी बोलता हे फार बरं झालं, नाहीतर लेकाच्या क्लबातलं कोणी आलं की मी नुसती मान हलवत बसते. कॉफी घ्या. साखर स्वल्प कमी आहे, सून जास्त घालू देत नाही.

त्यानं जिंकलेल्या त्या कपासाठी आलात ना? तो काय, फ्रिजवर. हो, कोथिंबीरच आहे त्यात. उभा आहे, खोल आहे, तळाला दोन बोटं पाणी घातलं की चार दिवस पिवळी पडत नाही—घरात एवढं कामाचं भांडं दुसरं नाही. सुधींद्र रागावला. रागावू दे. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, कपाला मिठी मारून फोटो काढून घेतो, त्याच्या रागाला मी काय भ्यायचं? पुढच्या महिन्यात तुमच्या क्लबातर्फे म्हैसूरला खेळायला जाणार म्हणे. नवी टोपी आणलीय. घरातसुद्धा घालतो.

तुम्हीपण सगळं फोनमध्ये भरता का? आमच्याकडे रविवारी खेळून आला की अंघोळीआधी फोन. पहिला फटका मैदानात पडला का झाडीत, वाळूच्या खड्ड्यात कितीदा गेला, भोकापाशी पोचल्यावर ढकलाढकली किती—तिचं वेगळं पान आहे. मग फोन त्याला सांगतो, तुम्ही बावीसवाले, तर बाकीच्या बावीसवाल्यांच्या मानाने तुम्ही वाळूत बरे, ढकलण्यात कच्चे. आणि हे तो मला वाचून दाखवतो, छाती काढून. लहानपणीही हेच—चाळीस पोरांत बत्तिसावा आला की येऊन सांगायचा, आई, नापास झालेल्यांत मी पहिला.

ते बावीस म्हणजे काय ते मी खोदून खोदून विचारलं. हँडिकॅप म्हणता ना तुम्ही—माणूस किती कच्चा त्याचा आकडा. चांगल्या खेळणाऱ्याला बहात्तर फटके लागतात तिथे आमच्या ह्याला बावीस जास्त लागतात, म्हणून स्पर्धेत त्याचे बावीस वजा करतात. कच्च्याला सूट. मला आवडलं बाई ते. एरवी कच्च्या माणसाला कोण सूट देतं?

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला एवढं कसं ठाऊक. ऐकायला दुसरं कोणी नाही ना त्याला. उल्कानं, माझ्या सुनेनं, लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलं, खेळ हवा तेवढा, पण गोष्ट माझ्यापुढे नको. मग उरले मी. अकराला येतो, ह्या इथे बसतो, आणि अठरा भोकांची कथा सुरू—एकेक फटका, वारा कुठून होता, बदक कुठे बसलं होतं. मी देवासाठी मोगऱ्याच्या कळ्या घेऊन बसलेली असते, ह्या डब्यातून. डुलकी लागायची हो मला. म्हणून युक्ती केली—त्यानं एक फटका सांगितला की मी एक कळी ओवायची. गोष्ट संपली की हार मोजायचा. पहिल्या रविवारी पंच्याऐंशी. मग त्र्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी, तो हार व्यंकटरमणाच्या तसबिरीला बरोब्बर बसला. पुढच्या रविवारी एक्क्याऐंशी, तर एका अंगाला आखूड. लेकाचा खेळ सुधारला की देवाचं नुकसान, असं चाललंय आमच्या घरात.

आणि गंमत पुढेच आहे. गोष्ट सांगून झाली की माझ्यासमोरच आकडा भरतो, तोंडानं पुटपुटत—सत्त्याण्णव. मी म्हटलं, अरे, माझ्या हारात तर चौऱ्याऐंशी आहेत. हसला. म्हणाला, "आई, तू फुलं मोज." आता मला कोणी असं म्हटलं की मी सोडते होय? दर रविवारी कान देऊन बसले. पंच्याऐंशीचे शहाण्णव. त्र्याऐंशीचे पंच्याण्णव. एक्क्याऐंशीचे चौऱ्याण्णव. एकदाही कमी नाही, दर वेळी अकरा-बारा-तेरा वरच. जगात माणसं आपल्या चुका झाकतात, आणि हा शहाणा पदरच्या बारा घालून लिहितो. इतका साधा. मी उल्काला म्हटलंसुद्धा, तुझा नवरा फार नम्र आहे गं. तिनं पोळी लाटता लाटता एकदा माझ्याकडे पाहिलं.

स्पर्धेच्या दिवशी? त्या दिवशी बरोबरचा लिहितो ना आकडा, त्यामुळे ह्याला नम्रपणा करता आला नाही. त्र्याऐंशी. त्यातून बावीस गेले, एकसष्ट. तो तुमचा गिरीराज, ऐंशीतच खेळला बिचारा, पण सूट दहाचीच, म्हणून सत्तर. नऊ फटक्यांनी हरला. उल्का म्हणाली, आज कसे एवढे छान खेळलात? मी म्हटलं, छान कुठलं, रोजचाच खेळ की हा, रोजच्या हाराएवढाच—

थांबा. तो बावीस ठरवतं कोण? फोनच ना? ह्यानं जे भरलं त्यावरून?

हं.

आणि तुम्ही हे लिहून घेताय.

अय्यो. म्हणजे खोकलाच हा. कसला म्हणून काय विचारता, पाचवीत होता तेव्हाचा. शाळेत पळायची शर्यत होती. आठ दिवस आधीपासून पोरगं खोकायला लागलं—आल्याचा रस झाला, काढा झाला, हटेना. भीमाचार्य म्हणून मास्तर होते, कनवाळू माणूस, त्यांनी ह्याला दहा पावलं पुढे उभं केलं. पहिला आला. हा डबा मिळाला, हाच, झाकणावर नाव कोरलंय बघा. आणि त्या संध्याकाळपासून खोकला बंद. छातीतला खोकला कुठला आणि तोंडातला कुठला, आईला कळत नाही होय? मला तर चौथ्या दिवशीच कळलं होतं. पण त्याचे वडील कधी त्याच्याशी धड हसून बोलले नव्हते, आणि त्या दिवशी एवढ्या घोड्याला खांद्यावर घेऊन गल्लीतून आले. दुसऱ्या दिवशी डबा आमच्या चिकपेटेतल्या दुकानात नेऊन ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला. मी काय बोलणार होते? काढ्याचं भांडं घासून पालथं घातलं.

काय? कमिटीपुढे येऊन सांगू? कुठल्या हारांचे आकडे? माझं वय काय, माझं डोकं काय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही मला, रविवारचं कुठून आठवायचं. तुमचं नाव काय म्हणालात?

बसा, अर्ध्या कॉफीवरून उठू नका. तो कप देते मी, थांबा, कोथिंबीर काढू दे. पाणी सांडेल, तिरपा धरू नका. कोणी दिला विचारलं तर म्हातारीनं दिला म्हणा. गिरीराजला द्या नाहीतर कपाटात ठेवा, म्हैसूरला कोणाला न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्याला मी सांगेन काय सांगायचं ते. टोपीसकट.

डब्याकडे काय बघताय? तो नाही मिळायचा. त्यात माझी फुलं आहेत.

सरी, बरं, या आता. लिफ्ट उजव्या हाताला आहे.