चाकांतली हवा

मला माणसांची पारख आहे असं म्हणू नका, एकदा चांगलीच फसले आहे. ऐंशी सालच्या आसपास आम्ही मनाम्यात राहायचो. एका शुक्रवारी बहरीनच्या दक्षिणेला मिठाचं वाळवंट बघायला गेलो. जमीन पांढरी, टणक दिसत होती. ह्यांनी गाडी आत घातली आणि मिठाचा थर फुटून चाकं चिखलात रुतली.

तासाभराने एक म्हातारा अरब पिकअपमधून आला. उतरून खाली बसला आणि आमच्या चाकांतली हवा सोडायला लागला.

"अहो, हा आपल्याला इथेच अडकवतोय!"

"बांगड्या काढ आधी," हे कुजबुजले. मी त्या काढून ब्लाउजमध्ये लपवल्या.

चारही चाकं चपटी केल्यावर हात पुढे करत तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "चाबी."

ह्यांनी घाबरतच दिली. त्याने हळूहळू गाडी बाहेर काढून पक्क्या रस्त्यावर उभी केली. हवा कमी केली की चाक पसरतं आणि रुतत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मी ओशाळून पोळीभाजीचा डबा त्याच्यापुढे धरला. त्याने झाकण उघडून वास घेतला, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि डबा ह्यांच्याकडे सरकवला.

"पहले तुम खाओ."