फणस कापावा की जाळावा

...आता फणस आडवा झाला धर्माजीचा आणि बोटांची सालटी निघाली माझी, ती का? तर गावातला जो तो येतो, त्या ओंडक्यावर टकटक करतो, कान लावतो, मान डोलावतो आणि मला म्हणतो, "तू पन बघ वाजवून." तुम्हाला सांगतो, कलिंगड वाजवून कळतं, माणूस बोलता करून कळतो, पण लाकूड? त्याच्या आत काय आहे ते कोण सांगणार?

धर्माजीला मात्र ते कळायलाच हवं होतं. त्याची सोनाबाई म्हसळ्याला माहेरी जाऊन बसलेली. का? तर घराला दार नाही. देशाला स्वराज्य मिळालं, पण धर्माजीच्या घराला दार काही मिळेना... जुनं वाळवीनं खाल्लं, त्या जागी गोणपाट, आणि गोणपाटाखालून एक लाल कुत्रं असं ये-जा करायचं, जसा काही घरचा जावई. एकदा त्यानं सुक्या बोंबलांची अख्खी माळ पळवली, तशी सोनाबाई म्हणाली, "दार लागंल तवा बोलाव. तवर कुत्र्यासंगं संसार कर." आणि गेली की! धर्माजी नुसत्या पेजेवर राहिला, संध्याकाळी म्हसळ्याच्या वाटेकडे बघत बसायचा, बघून आपल्यालाच वाईट वाटायचं हो. शेवटी उठला आणि परसातला फणस पाडला. फणस तरी कसला, जन्मात एक कुयरी, कोवळं फळसुद्धा, धरलं नव्हतं त्यानं.

आता फळ्या पाडायच्या की चुलीत घालायचा? आत गाभा आहे की नुसता भुसा? म्हणून माणगावच्या वखारीतून मोरूला आणला, करवत चालवणारा. मोरू आला, ओंडक्याभोवती फिरला, सालीचा वास घेतला, चाटायचा तेवढा बाकी ठेवला आणि म्हणाला, "परसातलं झाड हाय. खिळं किती?"

"एक पन न्हाय," धर्माजी म्हणाला.

"रानातल्या झाडाला मानूस इचारत न्हाय, परसातल्याला सोडत न्हाय. करवतीचा दात मोडला तर मालक माझं दात मोडंल."

तेवढ्यात मागं कोणीतरी खोकलं. मग दुसरं खोकलं. तुम्हाला ठाऊकच आहे, वांझ झाडाला दम द्यायची आपल्याकडची रीत. एकानं कुऱ्हाड उगारायची, "तोडू काय रं?" दुसऱ्यानं झाडाआडून बारीक आवाजात म्हणायचं, "नको बाबा, औंदा धरतो!" आणि बोलणं पक्कं म्हणून एक खिळा. हे म्हणे धर्माजी भातलावणीला गेला की गाव परस्पर करायचं, ज्याच्या त्याच्या मनात फणसाची भाजी. फणस दरवर्षी हो म्हणायचा आणि एक खिळा खाऊन गप्प बसायचा!

झालं, ज्यानं त्यानं पक्कड आणून आपापला खिळा उपटला. मोरूनं करवत उचलली, तर शेजारची म्हातारी आवडाबाई पुढं. "आनि भुताचा रं?"

"कसलं भूत?"

"धर्माजीच्या आज्यानं भगताकडून खिळवलेलं. ह्याच फनसाला. खिळा काढाल तर सुटंल."

शोधलं, तर झाड उभं असताना साधारण कपाळाच्या उंचीला आला असता असा गंजका खिळा, त्याला कसलासा दोरा गुंडाळलेला. मंतरलेला दोरा, दुसरं काय? सगळे चार पावलं मागं. मोरू म्हणाला, "खिळा हाय तितं करवत न्हाय, आनि तो काढायला मी न्हाय." तो खिळ्याखालूनच कापणार. म्हणजे फळी तोकडी. पण काय करता? आत काय आहे ते कोण सांगणार?

कापला... आणि काय सांगू, आत पिवळाधमक गाभा, सोन्यासारखा! धर्माजीनं त्यावर तळवा ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. दार झालं, हातभर तोकडं. फट वर ठेवावी की खाली? वर ठेवली तर येणारा-जाणारा डोकावणार, घरात बायकामाणसं, म्हणून एकमतानं ठेवली खाली. शहाणी माणसं सगळी.

सोनाबाई आली. दारावर हात फिरवला, गालात हसली, धर्माजी तर हरखूनच गेला. मग ती परसात गेली, तिथं ओंडक्याचा राहिलेला तुकडा, हळदकुंकू वाहिलेला.

"बोंबलांच्या दोरीच्या खिळ्याला कुकू कोनी लावलं?"

"अगं, त्यात भूत हाय," धर्माजी म्हणाला.

"भूत कसलं? बोंबील वाळत घालाया मीच ठोकलेला. ही सुतळी माझीच." आणि हलवून हलवून खिळा उपसून हातात दिला त्याच्या.

"मग भुताचा खिळा?"

"तो लई जुना," आवडाबाई म्हणाली, "झाडानं गिळला असंल. आतच असंल कुटंतरी."

सगळ्यांनी हळूच दाराकडे बघितलं.

"असू दे दारात," सोनाबाई म्हणाली, "राखन करंल."

आणि तेवढ्यात दाराखालच्या फटीतून लाल कुत्रं बाहेर आलं, तोंडात सोनाबाईनं माहेराहून आणलेला सुका बांगडा.

धर्माजीनं दाराकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं, आत जाऊन खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि बाहेर आला. "भूत दारात, कुत्रं घरात," तो म्हणाला. "तू बस हितं. आता म्हसळ्याला मी जातो."