दोघांत वाटलेले सूर

जबाब

वर लिहिलेले माझे नाव, वय चौऱ्याहत्तर आणि पत्ता बरोबर आहे. धंद्यापुढे "काही नाही" असे लिहिले होते, तिथे "गाद्या शिवणे, आता बंद" असे करून दिले, त्याबद्दल हवालदार साहेबांचे आभार. मला सोमवारी बोलावले होते आणि मी आज आलो, याची माफी असावी. माझ्या तोंडून वेडेवाकडे काही निघाले तर त्या मुलीला भोवेल, या धास्तीने पाय निघत नव्हता.

समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्या मुलाने आमच्या वरच्या मजल्यावरील भाडेकरू मुलीविरुद्ध तक्रार दिली आहे. तिने माझ्या पत्नीला संमोहित केले आणि कानांत भलते आवाज सोडून तिचा जीव घेतला, असे त्यात आहे. मुलाचा आईवर फार जीव होता. त्याच्यावर माझा राग नाही. पण तक्रार खरी नाही.

पत्नीला झोप नव्हती. हृदय थकले आहे, झोपेच्या गोळ्या देता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ती मला म्हणे, "गावभर गाद्या पुरवल्यात, आणि घरची बाई टक्क जागी." वरची मुलगी जाहिरातींचे आवाज रेकॉर्ड करते. तिच्या कानांत सदा काहीतरी अडकवलेले असते, म्हणून पत्नी तिला कानवाली म्हणे. कानवालीने झोपेसाठी संमोहनाचा मजकूर लिहिला. ती स्वतः वाचणार होती, पण पत्नी म्हणाली, "परक्या आवाजाने माझा डोळा लागायचा नाही. हे वाचतील." मी सातवीपर्यंत शिकलेलो आहे. अडखळत वाचले. तेव्हा तक्रारीतला संमोहन करणारा आवाज माझा आहे, हे लिहून घ्यावे.

माझ्या वाचनाखाली कानवालीने दोन सूर घातले. एका कानात एक, दुसऱ्या कानात त्याहून किंचित चढा. दोन्ही कानांनी ऐकले की डोक्यात संथ ठोका जाणवतो आणि झोप येते. मी विचारले, "नक्की येते का?" ती म्हणाली, "म्हणतात, आजोबा. मी शपथ घेणार नाही. पण आजींना त्रास व्हायचा नाही, आधी मी स्वतः ऐकलंय." दोन्ही कानांत लावा, हे तिने पुन्हापुन्हा बजावले.

आम्ही तसे लावले नाही. पत्नी म्हणाली, "माझे दोन्ही कान बुजवलेत तर तुमची हाक कशी कळेल? एक तुम्ही घ्या." त्यामुळे दुपारी जेवण झाले की आम्ही शेजारी पडत असू, इअरफोनचे एक बोंड तिच्या कानात आणि एक माझ्या. एक सूर तिला, एक मला. हे कानवालीला परवा सांगितले. ती म्हणाली, "अहो आजोबा, मग ठोका तयारच झाला नाही. इतके दिवस तुम्ही नुसतं गुणगुणणं ऐकलंत." आधी हसली, मग जिन्यात बसून राहिली. म्हणजे ज्या आवाजाबद्दल तक्रार आहे, तो आमच्या दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात कधी वाजला नाही.

तरी पत्नीला झोप येई. उठल्यावर चेहरा उजळलेला असे. त्या मुलीचे हे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत. शेवटच्या दुपारीही पत्नी झोपली. छान लागली आहे, म्हणून मी हलवले नाही. मुलगा भेटायला आला, तेव्हा वायर आमच्या मधोमध तशीच होती. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले.

रेकॉर्डिंगमध्ये पत्नीही आहे. मी "तुमच्या पापण्या जड होत आहेत" असे वाचले, तेव्हा ती मध्येच बोलली, "इतक्या वर्षांनी मला अहोजाहो? आणि सावकाश वाचा, मागे कुत्रं लागलंय का?" कानवाली ते कापणार होती. मी कापू दिले नाही.

हवालदार साहेबांनी हे सर्व मला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे. खाली सही माझी आहे.

ते रेकॉर्डिंग असलेला माझा मोबाइल आपल्याकडे जमा आहे. चार्जर सोबत आणला आहे, बॅटरी उतरू देऊ नये. कधी परत मिळेल ते कृपया लवकर कळवावे. रेकॉर्डिंग संपता संपता पत्नी पेंगुळलेल्या आवाजात म्हणते, "मुलाचा फोन आला तर मला उठवा हं." मुलाने ते अजून ऐकलेले नाही.