फोनला दाणा चावता येत न्हाई

परवाचंच सांगतो. तुरीची आख्खी गाडी घ्यायची होती. माल ओला निघाला तर गोदामात सडणार. आमचे भागीदार रशीदभाईंनी पोत्याचा फोटो काढून फोनमधल्या एआयला विचारलं. ‘एकदम वाळलेला माल,’ उत्तर आलं.

मी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातला दाणा चावला. फुटायचा सोडून चेपला!

"भाई, त्याला सांगा, ओला आहे."

‘बरोबर आहे तुमचं, ओलाच आहे.’

"आता सांगा, मजाक केली."

‘बरोबर आहे, वाळलेलाच आहे.’

रशीदभाईंनी फोन खिशात घातला. हळूच म्हणाले, "काय करू भाऊ, कवळी बसवल्यापासून मला दाणाच कळत न्हाई."

"मंग मला सांगायचं की! भागीदारीत दात काय वेगळे असतात?"