शिवरामदादाच्या यंत्राला माझी साक्ष

मला हुशार मास्तर म्हणता ना? मग माझ्या हुशारीचं एक ऐका.

मी खालापूरकडच्या शाळेत होतो तेव्हा आमच्या शिवराम सुतारानं भाताला वारं द्यायचं यंत्र बनवलं. सायकलसारखं पायानं फिरवायचं. वारा पडला तरी खळ्यावरचं काम थांबत नसे. दोन वर्षं ते यंत्र घरोघर फिरलं.

मग मुंबईच्या एका वकिलानं त्याच्याकडून पेटंटचा अर्ज करून घेतला. मला वाटलं, आपणही हातभार लावू. वकिलाला न विचारता मी साक्ष लिहून टपालानं पेटंटच्या कचेरीला पाठवली: 'हे यंत्र आम्ही गावकरी दोन वर्षे वापरतो, उत्तम चालते.' खाली गावाच्या सह्या, अंगठे.

अर्ज नामंजूर झाला. वकील म्हणाला, "मास्तर, गावभर वापरलेल्या वस्तूला नवी म्हणत नाहीत. पुरावा तुम्हीच दिलात."

शिवरामदादा माझ्यावर चिडला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, पुढचं कोणाला दावायचं नाय."

नंतर तो भाताच्या लावणीचं यंत्र करायला बसला, आतून कडी लावून. मी हाक मारली की म्हणायचा, "झालं की बोलावतो." चार वर्षांनी तो अचानक गेला.

तेराव्यानंतर वहिनीनं खोली उघडली. आत नुसते सुटे भाग. कुठला कुठे बसतो, गावात एकालाही सांगता येईना.

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "मास्तर, आता लिवा अर्ज. ह्ये कोणीच वापरलेलं नाय."