अमावस्येला ओट्यावर आलेला डबा

जबाब
दिनांक २१/११/२०२५

मी इंद्रभान उकंडराव खर्चे, वय ३४ वर्षे, धंदा – मोटार वाइंडिंगचे दुकान, रा. धामणगाव बढे, ता. मोताळा, जि. बुलढाणा. समक्ष पोलीस स्टेशनला हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी आई पुष्पाबाई, वडील उकंडराव व पत्नी डिंपल यांच्यासह राहतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे काम मी बारा वर्षांपासून करतो.

माझ्या आईने काल हरिओम अर्जुनराव नाफडे, वय ३४, धंदा भाजीपाला शेती, यांनी आमच्या घरावर करणी केली अशी तक्रार दिली आहे. हरिओमचा मळा आमच्या शेताला लागून असून मधे एकच बांध आहे. ती तक्रार खोटी आहे. आई खोटे बोलत नाही, पण तक्रार खोटी आहे. डब्यात जे सापडले ते सर्व मी व हरिओमने मिळून सन २००२ च्या उन्हाळ्यात पुरलेले आहे. हे लिहून घ्यावे म्हणून मी दुकान बंद करून आलो आहे.

घटना अशी की, काल दिनांक २०/११/२०२५ रोजी हरिओमने ठिबकच्या पाइपसाठी बांधाच्या कडेने जेसीबीने चर खोदला. त्यात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा निघाला. दुपारी चारच्या सुमारास हरिओम तो डबा घेऊन आमच्या घरी आला. मी मोटारीची तार आणायला जळगाव जामोदला गेलो होतो. आई मागे गोठ्यात होती. दार कोणी उघडले नाही म्हणून त्याने डबा ओट्यावर ठेवला व परत गेला. काल अमावस्या होती. हे हरिओमच्या ध्यानात नसावे, त्याचे लक्ष कधीच कॅलेंडरकडे नसते.

समोर राहणाऱ्या बनाबाई यांनी ते पाहिले. आईने डबा उघडून आरडाओरडा केल्यावर त्या म्हणाल्या, "हाव, म्या सोता पाह्यलं. डब्बा ठेवला अन् मांगं वळूनसुद्दा पाह्यलं नाई त्यानं!" त्यावर आईचा ठाम विश्वास बसला. मी संध्याकाळी सहाला घरी पोहोचलो तेव्हा ओट्यावर वीस-पंचवीस माणसे होती आणि आई डब्यापासून पाच हात लांब बसून रडत होती.

डब्यात लाल नाडा बांधलेल्या बाहुल्या, कुंकू, वाळून काळे पडलेले लिंबू, बाईचे केस व पिवळ्या पातळाच्या काठाचा तुकडा होता. एका बाहुलीच्या मांडीत खिळा होता. आई म्हणाली, "हे माहे केस हायेत. हा माह्या पातळाचा काठ हाय. आता मले सांग, म्हैस काऊन आटली?" मी सांगितले की, आई, हे खेळण्यातले बाहुले आहेत. आई म्हणाली, "मंग खेळण्याले खिळा काऊन ठोकला बे?" याचे उत्तर माझ्याकडे होते, पण वीस-पंचवीस माणसांसमोर ते देण्याची मला लाज वाटली. तेवढ्या वेळात आई इकडे पोलीस स्टेशनला येऊन पोहोचली.

म्हशीबाबत खुलासा करतो की, ती आठ महिन्यांची गाभण आहे.

बाहुल्यांचा खुलासा असा. आम्ही दोघे चौथीत असेपर्यंत दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'नीलकूट के पहरेदार' नावाची हिंदी मालिका लागत असे. नीलकूट पर्वतावरील पहारेकरी व धूमकाल नावाचा तीन डोळ्यांचा राक्षस यांची ती लढाई होती. तिच्यातल्या पात्रांच्या चार इंच उंचीच्या प्लास्टिकच्या बाहुल्या मिळत. पाठीवरचे बटण दाबले की हात वर होऊन शस्त्र चालत असे. माझे मामा देऊळगाव राजाला राहत. बालाजीच्या यात्रेतून ते दरवर्षी दोन आणत, एक मला व एक हरिओमला. हरिओमला का, असे मामींनी विचारले होते. मामा म्हणाले, एकट्याने लढाई कशी होईल.

मालिकेच्या शेवटच्या भागात सर्व पहारेकरी हाताला लाल धागा बांधून, रक्तमणी उशाशी घेऊन, शंभर वर्षांसाठी जमिनीखाली झोपायला जातात. त्या रविवारी आम्ही दोघेही रडलो. मग तसेच करायचे ठरवले. रक्तमणी मिळाला नाही म्हणून लिंबाला कुंकू लावले. राणी मेघावतीचे केस खेळून खेळून गेले होते, म्हणून आईच्या फणीतले केस काढून डिंकाने चिकटवले. राणीला नेसवायला आईच्या पातळाचा काठ मी कापला. त्या वेळी आईने उंदराला दोष दिला होता, तोही खोटा होता. धूमकालचा पाय मोडला होता, तो हरिओमने खिळा ठोकून बसवला. यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. धूमकालचेसुद्धा नाही.

आता जे सांगतो ते तक्रारीत नाही. तरी लिहून घ्यावे.

डबा पुरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला टायफॉइड झाला व मी महिनाभर अंथरुणावर होतो. शाळा उघडल्यावर माझा सर्वांत आवडता बाहुला, सेनापती गजदंत, घरात सापडेना. आम्ही पुरलेले बाहुले सहा होते व गजदंत त्यात नव्हता, तो मी पुरू दिला नव्हता. आमच्या घरात बाहेरचा येणारा मुलगा एकटा हरिओम होता. मी पाचवीच्या वर्गात सर्वांदेखत उभे राहून सांगितले की हरिओमने चोरला. गुरुजींनी त्याचे दप्तर टेबलावर उलटे केले. दप्तरात दोन वह्या, पाटी आणि कांदा-भाकर निघाली. तो काहीच बोलला नाही, म्हणून सर्वांनी ते कबूल धरले. त्यानंतर वर्गात त्याला चोर म्हणत. ते मीच सुरू केले होते.

त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. तेवीस वर्षे झाली. बांध एक, रस्ता एक. हरिओमची मोटार दर उन्हाळ्यात जळते आणि तो ती माझ्या दुकानावरून मोताळ्याला नेतो. तिकडे भरलेली मोटार टिकत नाही हे मला तिच्या आवाजावरून समजते. आमच्या घरी वांगी त्याच्याच मळ्यातली येतात. डिंपल ती दुसऱ्याची म्हणून सांगते. मी विचारत नाही, कारण वांगी चांगली असतात.

आज सकाळी अकरा वाजता पंचांसमोर डबा टेबलावर ओतण्यात आला. हवालदार सुचिता मॅडम यांनी बाहुल्या मोजल्या. मी सहा सांगितल्या होत्या. मोजल्या त्या सात भरल्या. सातवी डब्याच्या तळाशी रेघी वहीच्या कागदात गुंडाळलेली होती. तो सेनापती गजदंत होता. मॅडमनी पाठीवरचे बटण दाबले तर हात वर झाला. मग ठाणे अंमलदार साहेबांनी दाबून पाहिले. नंतर ड्रायव्हरनेही पाहिले.

कागदावर लिहिले होते : 'सेनापती सगळ्यांच्या खाली जागा राहील. हरिओमला सांगायचे नाही. हुकूम – इं. उ. खर्चे, राजा.' अक्षर माझे आहे. 'हुकूम'मधला 'हु' मी अजूनही तसाच काढतो, दुकानाच्या पावत्या तपासाव्यात.

टायफॉइडमुळे विसरलो असे लिहू का, असे मॅडमनी विचारले. लिहावे. परंतु पुढे हेही लिहावे की, दहावीच्या वर्षी मला एकदा शंका आली होती. डब्याच्या तळाशी काहीतरी ठेवल्याचे अंधूक आठवले होते. मी खोदून पाहिले नाही. फावडे आमच्याच घरी होते. खोदले असते तर सर्व वर्गासमोर पुन्हा उभे राहावे लागले असते, आणि मी तेवढा धीट नव्हतो. याची मला लाज वाटते.

आज हरिओमला मॅडमनी माझ्यासमोर विचारले की, डबा ओट्यावर का ठेवला? तो म्हणाला, "ज्याची वस्तू त्याले देली." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. डबा त्याने उघडून पाहिला होता का, हे मला माहीत नाही. विचारण्याची माझी लायकी नाही.

तरी हरिओम अर्जुनराव नाफडे यांनी करणी केलेली नाही व सन २००२ मध्ये चोरीही केलेली नाही. दुसरी गोष्ट या तक्रारीत बसत नाही असे मॅडम म्हणाल्या. पण वर्गात ती तोंडी सांगितली होती, इथे ती लेखी व्हावी. बाहुल्या परत मिळाल्यास सेनापती गजदंत हरिओमला द्यावा, माझी हरकत नाही.

माझा जबाब मी सांगितला तसा टंकलिखित केला. तो वाचून दाखवताना दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा अशी मी विनंती केली, कारण हरिओम बाहेर बाकावर बसलेला आहे. त्याप्रमाणे मॅडमनी वाचला. आईनेही ऐकला. पातळाचा काठ कापल्याचे वाचले तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली.

वाचन संपल्यावर बाहेरून हरिओम यांनी एक दुरुस्ती सांगितली : "खिळा म्या नाई ठोकला, त्यानंच ठोकला होता. माही करंगळी ठेचली होती." मॅडमनी खरे काय ते विचारल्यावरून मी बाहेर जाऊन करंगळी पाहिली. ती अजून वाकडी आहे. मी ती हातात धरली, त्याने हात काढून घेतला नाही.

दुरुस्ती मान्य. खिळा मीच ठोकला होता. बाकी जबाब ऐकला, तो खरा व बरोबर आहे.

सही/-
इंद्रभान उकंडराव खर्चे